धवला : एक वेळा

21 फेब्रुवारी 2024, बुधवार. दिघाशी

रेडिओवरचे निवेदक अमीन सयानी गेले. काल संध्याकाळी मुंबईत, वयाच्या 91 व्या वर्षी. बातमी आज सकाळी कळली, आणि आज बुधवार. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना बुधवार म्हणजे काय, हे समजावून द्यावं लागत नाही.

आमचे बाबा भिवंडीत यंत्रमागावर होते. मागाच्या खटखटाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं, तिथे रेडिओ कुठून ऐकू येणार? म्हणून बुधवारची रात्रपाळी ते सोबत्याला द्यायचे आणि त्याची रविवारची आपल्या अंगावर घ्यायचे. आठच्या आधी ट्रान्झिस्टर ओटीवर यायचा. शॉर्टवेव्हवर सुई केसभर इकडे, केसभर तिकडे करत बाबा कोलंबो पकडायचे. आवाज भरतीसारखा चढायचा, ओहोटीसारखा उतरायचा, आणि मध्येच स्वच्छ ऐकू यायचं, 'बहनो और भाइयो'. बाबांच्या मांडीवर शाळेची जुनी वही असायची. सोळाव्या पायदानापासून, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या गाण्यापासून, वर वर चढत ते आकडे भरायचे. पहिलं गाणं लागेपर्यंत आई पानं घेत नसे.

बिनाका गीतमाला 3 डिसेंबर 1952 ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली. सयानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते, आणि कार्यक्रमाचे त्यांना आठवड्याला 25 रुपये मिळायचे. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून गाणी परत आपल्या ओटीवर यायची.

रात्री फोनवर दुसरी बातमी दिसली. कालच्याच मंगळवारी अमेरिकेत बिलबोर्डने कंट्री गाण्यांची नवी यादी जाहीर केली. पहिल्या क्रमांकावर बियॉन्से, गाणं 'टेक्सास होल्ड एम'. या यादीत पहिली आलेली ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. कृष्णवर्णीय पुरुष गायक चार्ली प्राइड 1969 मध्येच तिथे पोहोचला होता. एका स्त्रीला त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

गाण्यांचे नंबर सांगून ज्यांनी आम्हाला वेड लावलं ते गेले, आणि त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला एका नंबराने इतिहास घडवला. उद्या शाळेच्या परिपाठात हेच सांगायचं.

22 फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या परिपाठात बातम्या मुलंच वाचतात. आज मी माइक घेतला आणि दोन्ही बातम्या एकामागून एक सांगितल्या. सातवीतली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "सर, नंबर कोण देतं?"

या प्रश्नावरच पुढचा तास गेला.

मी फळ्यावर लिहून दाखवलं. सुरुवातीला गीतमाला अर्ध्या तासाची होती. सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमाने लावून पाठवायची. बक्षीस 100 रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला 9 हजार पत्रं आली. पुढे आठवड्याची पत्रं 50-60 हजारांच्या घरात गेली, तेव्हा स्पर्धा थांबवून गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. 1953 च्या वार्षिक यादीत 'अनारकली'तलं लताबाईंचं गाणं पहिलं होतं.

क्रम ठरायचा दोन गोष्टींवर. एक, दुकानांत कोणत्या रेकॉर्ड किती खपल्या. दुसरी, गावोगावच्या श्रोता संघांची मतं. ही दुसरी गोष्ट मुलांना नीट कळावी म्हणून मी थांबून सांगितली. रेकॉर्ड तोच घेणार ज्याच्या घरी फोनो आहे. आमच्या घरात फोनो कधी आला नाही. पण बाबांनी श्रोता संघाकडे पंधरा पैशांचं कार्ड टाकलं की त्यांचं मत मुंबईतल्या शेठजीच्या मताशेजारी जाऊन बसायचं. कागदाच्या त्या चतकोर तुकड्यामुळे मागावरचा माणूस मोजला जायचा.

"आणि अमेरिकेत?" मुलीने पुन्हा विचारलं. तिथे आता रेडिओवर किती वाजलं, किती विकलं गेलं आणि फोनवर किती ऐकलं गेलं, या तिन्हींची बेरीज करतात. 8 जानेवारी 1944 ला बिलबोर्डने ही यादी सुरू केली, तेव्हा पैसे टाकून वाजणाऱ्या ज्यूकबॉक्स पेट्यांवर काय जास्त वाजतं तेवढंच पाहायचे. त्या वेळी यादीच्या नावात 'कंट्री' शब्दही नव्हता. तिथे शब्द होता 'फोक', म्हणजे लोकांची गाणी.

मुलीने वहीत लिहून घेतलं : नंबर मोजणारा देतो.

23 फेब्रुवारी, शुक्रवार

आज त्याच बातमीची दुसरी बाजू सांगितली. ओक्लाहोमा राज्यात एडा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कंट्री स्टेशनला एका श्रोत्याने याच महिन्यात पत्र लिहून बियॉन्सेच्या नव्या गाण्याची फर्माईश केली. उत्तर आलं की आमचं स्टेशन कंट्रीचं आहे, आम्ही बियॉन्से वाजवत नाही. ते उत्तर जगभर फिरलं आणि स्टेशनवर पत्रांचा आणि फोनचा पाऊस पडला. गाणं हाताशीच नव्हतं, असं मग स्टेशनने सांगितलं, ते मिळवलं आणि वाजवलं.

स्टेशन छोटं होतं आणि चूक त्याने लगेच सुधारली, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. पण गाणं कानावर पडण्याआधीच त्याचं घराणं ठरवून दार लावलं गेलं, तेही खरंच. आपल्याकडे हे घडलेलं आहे. 1952 मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई कोलंबोकडे वळवली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. हार्मोनियमचंही तेच. 1940 पासून तीस वर्षं पेटीला आकाशवाणीचं दार बंद होतं.

तास संपताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, मंगळवारी मराठी दिन आहे. आगरी गाणं म्हटलं तर चालेल का?"

मला उत्तर पटकन देता आलं नाही. गेली चार वर्षं 27 फेब्रुवारीचा कार्यक्रम मीच बसवतो. चार वर्षांत एकदाही या मुलांच्या घरातली भाषा मंचावर आली नाही. ती नको, असं मी कधी म्हणालो नव्हतो. पण ती हवी, असंही म्हणालो नव्हतो, आणि मुलांनी त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

"चालेल," मी म्हणालो. "तेच म्हणायचं."

24 फेब्रुवारी, शनिवार

सकाळची शाळा. बियॉन्सेच्या त्या यादीवर तारीख आजची आहे. आठवड्याचे हे अंक पुढची तारीख घालून निघतात.

शाळा सुटल्यावर चार मुलांना घेऊन अंबाडीच्या बाजूला एका बेंजो पार्टीची तालीम पाहायला गेलो. आमच्या गावातल्या उद्याच्या हळदीला हीच पार्टी वाजवणार आहे. बेंजो मी जन्मभर ऐकला, पण इतक्या जवळून आजच पाहिला. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी गोल बटणांची रांग. वादकाची डावी बोटं बटणांवर धावतात, उजव्या हातातली पट्टी तारा छेडते. बटणांवरचे आकडे झिजून गेले आहेत. मधल्या तीन बटणांना तर अंगठ्याच्या नखाएवढा खळगा पडला आहे. वादक म्हणाला, "हळदीची गाणी याच तीनवर फिरतात."

मुलांना मी दोन बेंजोंची गोष्ट सांगितली. बियॉन्सेच्या गाण्यात जो बँजो आहे, तो रिअ‍ॅनन गिडन्स या कृष्णवर्णीय बाईंनी वाजवला आहे. गोल खोक्यावर कातडं ताणलेलं ते वाद्य गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी अमेरिकेत घडवलं. पुढे तेच गोऱ्या कंट्रीची ओळख ठरलं आणि वाद्य कुणाचं होतं याचा विसर पडला. आपला बेंजो त्याचा फक्त नामबंधू. तो जपानचा. 1912 मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी तारांवर बटणं बसवून तैशोगोतो नावाचं वाद्य केलं. ते आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून आलं आणि गणपतीच्या मिरवणुकीत, आगरी-कोळ्यांच्या हळदीत बेंजो झालं.

वादकाने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आमचा कुठल्या यादीत येतो?"

25 फेब्रुवारी, रविवार

हळद. मांडवाला उंबराच्या फांद्या, दारात रांगोळी, आणि संध्याकाळपासून अख्खा गाव गोळा. माझी चार मुलं वही-पेन घेऊन मांडवाच्या चार कोपऱ्यांत. कल्पना त्यांचीच : दिघाशीची गीतमाला. आज रात्री काय वाजतं ते मोजायचं.

पहिल्या दहा मिनिटांतच भांडण. बेंजोवाला एका दमात पाच गाण्यांचे तुकडे जोडतो, मग ते एक मोजायचं की पाच? अर्ध्यावर सोडलेलं धरायचं का? फर्माईश झाली पण वाजलं नाही, त्याचं काय? मी मध्ये पडलो नाही. शेवटी त्यांनीच नियम केला. ज्यावर माणसं उठून नाचली ते गाणं धरायचं, तुकडा असो वा अख्खं.

रात्री 10 ला भोंगे बंद झाले. मुलांनी चारही वह्या ताडून पाहिल्या. एकविरा आईचं एक गाणं आठ वेळा येऊन पहिलं. दादूस, म्हणजे संतोष चौधरी यांच्या गाण्यांना मधल्या जागा. दोन हिंदी गाणीही वर चढली होती.

यादीच्या तळाला त्याच सातवीतल्या मुलीने लिहिलं होतं, 'धवला : एक वेळा'.

बेंजो सुरू होण्याआधी, नवरदेवाला हळद लागताना, दोन म्हाताऱ्या चटईवर बसून धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायल्या होत्या. माइक नव्हता. एकजण ओळ उचलायची, दुसरी तिच्या मागून ती पुढे न्यायची. आधी देवांना बोलावणं, गावदेवीला बोलावणं, मग घरातल्या एकेका नात्याचं नाव घेऊन मान. अंगणात खुर्च्या लावण्याचा गलका चालू होता. त्यांच्यासमोर बसून ऐकणारी एकटी ही मुलगी होती. नाचण्याचा नियम मोडून तिने ते नोंदवलं.

26 फेब्रुवारी, सोमवार

लग्न दुपारी लागलं. संध्याकाळी त्या मुलीला घेऊन, काल धवला गाणाऱ्या दोघींतल्या एका धवलारीण आजींच्या घरी गेलो. त्या मोठ्या वाट्यात चहा पीत ओटीवर बसल्या होत्या. मुलीने वही उघडून त्यांना यादी वाचून दाखवली आणि थोडं ओशाळून सांगितलं की तुमचा नंबर शेवटचा आला.

आजींनी वाटा खाली ठेवला. "गुरजी, यो गाना झाला नाय त लगीनूच लागत नाय."

एवढंच बोलल्या. मी घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होतो. एकविरा आईचं गाणं आठ वेळा वाजतं, कारण ते पुन्हा वाजवता येतं. धवला एकदाच गायचा असतो, कारण हळद एकदाच लागते. आमच्या आगरी घरांत पूर्वापार लग्नाचे विधी धवलारीण लावते, वारल्यांकडे धवलेरी. कोणत्या विधीनंतर कोणता विधी, हे त्यांच्या गाण्याच्या क्रमातच बांधलेलं असतं. पोथी नाही, लिखाण नाही, सगळं एका बाईच्या गळ्यात. जे आठवड्याला किती वेळा वाजलं यावर मोजतात त्यांच्या तराजूत हे गाणं कधीच चढणार नाही. त्याला वेगळं माप हवं : हे गाणं थांबलं तर काय काय थांबेल?

आजींना मी विचारलं, उद्यासाठी आवाज टिपून घेऊ का? लग्नाचा धवला लग्नाशिवाय गात नाही, म्हणाल्या. मग थोडा विचार करून, जात्यावरचा एक गाते म्हणाल्या. फोन मुलीच्या हातात होता. सव्वाचार मिनिटं तिचा हात हलला नाही.

27 फेब्रुवारी, मंगळवार. मराठी भाषा गौरव दिन

सकाळी बातमी पाहिली. बियॉन्सेचं तेच गाणं आता सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीतही पहिलं आलं आहे. मुलांनी परिपाठात ती बातमी वाचली. त्यानंतर मुलीने माइक हातात घेतला आणि गीतमालेसारखं खालून वर न जाता सरळ एकच गाणं सांगितलं. गाणाऱ्या आजींचं नाव, गाव दिघाशी, बोली आगरी, टिपल्याची तारीख 26 फेब्रुवारी 2024. मग शाळेच्या भोंग्यातून आजींचा आवाज मैदानावर आला. शुक्रवारी प्रश्न विचारणारा मुलगा ओठांतल्या ओठांत ती ओळ म्हणत होता. त्याला ती पाठ होती. गाण्यानंतर तो मंचावर गेला आणि आपलं आगरी गाणं अख्खं म्हणाला.

सयानींनी आम्हाला शिकवलं की लांबच्या गावातल्या माणसाच्या कार्डालाही किंमत असते. आज कार्ड नाही, पण प्रत्येक हातात फोन आहे. ही पानं वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं. तुमच्या घरात, शेजारात जी बाई धवले, ओव्या, जात्यावरची गाणी म्हणते, तिच्यापुढे या उन्हाळ्याच्या सुट्टीत बसा. तिची परवानगी घ्या, आवाज टिपा, आणि सोबत तिचं नाव, गाव, बोली, तारीख लिहा. शाळेत वाजवा, जवळच्या आकाशवाणी केंद्राला पाठवा.

आमच्या वहीत पहिली नोंद झाली आहे. दुसरं पान कोरं ठेवलं आहे.