तळवलीची बिनसावलीची दुपार

तळवलीस रात्रीं तारे पाहावे, ही सोय आतां नव्या मुंबईच्या दिव्यांनीं ठेविलेली नाहीं. दुपार मात्र अजून शाबूत आहे! म्हणून मे महिन्याच्या मध्यास आम्हीं आप्तांच्या गच्चीवर ओळंबा लावून एक काठी उभी केली. साडेबारा वाजून चार-पांच मिनिटांनीं तिची सावली बुडाशीं शिरून नाहींशी झाली.

सूर्य रोज दुपारीं डोक्यावर येतो हें म्हणणें खरें नव्हे. एकोणीस अंशांवरील या गांवीं तो वर्षांतून दोनदांच बरोबर माथ्यावर येतो. दुसरी वेळ जुलैच्या अखेरची, ती बहुधा ढगांत जाते. लंडनकरांस हा योग जन्मांत नाहीं. माया लोकांस मात्र होता. त्यांचें चिचेन इत्झा नगर तळवलीहून सुमारें दीडच अंश उत्तरेस. शुक्राचा ५८४ दिवसांचा फेरा त्यांनीं दुर्बिणीवांचून, पिढ्यान्‌पिढ्या पाहून बसविला. ड्रेस्डेन येथें जपलेल्या त्यांच्या पोथींत तो हिशेब आहे. आपल्याकडेहि बारा अंगुळांच्या शंकूची छाया मोजीत, भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) तें गणित आहे. आतां पंचांग घरोघर आहे, पण वर पाहतो कोण?

सावली पूर्वेस डोकावूं लागली, तशा आजी म्हणाल्या, “जुलैंतहि या हो, ढग असले तरी.”