सेंट हेलेनाचा आबनूस

सेंट हेलेना म्हटले की बहुतेकांस नेपोलियन आठवतो. गोमंतकीय ख्रिस्ती वाचकांस मात्र त्याच्याही आधी फर्नांव लोपिश आठवावा, असे आम्हांस वाटते. आपले सैन्य व आपला धर्म दोन्ही सोडून आदिलशाही पक्षास मिळालेला हा पोर्तुगीज शिपाई १५१२ साली, आमच्या बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा, आल्बुकर्कच्या हाती लागला. प्राण वाचले, परंतु नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा आंगठा छाटण्यात आला. (या शिक्षेचे समर्थन आमच्याने होणार नाही.) मायदेशी परतताना ते विद्रूप मुख आप्तांस दाखविण्यापेक्षा त्याने दक्षिण अटलांटिकमधील या निर्मनुष्य बेटावर राहणे पत्करले. पुढे रोमला जाऊन पोपमहोदयांसमोर त्याने पापनिवेदन केले, आणि पुन्हा बेटावरच परतला.

हिंदुस्थानाहून परतणाऱ्या गलबतांस ताजे मांस मिळावे, म्हणून पोर्तुगिजांनी तेथे शेळ्या सोडल्या. हेतू वाईट नव्हता. बेटाचा मध्य हिरवागार. किनाऱ्याकडील उतार मात्र रुक्ष, उघडे. त्या उतारांवर एक बुटके झुडूप वाढत असे. त्यास आबनूस म्हणतात खरे, परंतु ते आपल्या भेंडी-जास्वंदीच्या कुळातले. पाने वरून गर्द हिरवी, खालून पांढऱ्या लवेची. फूल मोठे, शुभ्र, मध्यभागी गडद. मेलेले खोड काळे व जड होते, त्यावरून हे नाव पडले. शेळ्यांनी रोपे खाल्ली, माणसांनी चुनाभट्ट्यांत लाकूड जाळले. झाडांमागोमाग उतारावरची मातीही गेली. शेळीस दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. सोडणारे हात माणसाचे होते.

शंभराहून अधिक वर्षे हे झुडूप कोणास दिसले नाही. ते नामशेष झाले, असेच सर्वांनी धरले होते. १९८० साली बेटावरच्याच जॉर्ज बेंजामिन यांस 'गाढवाचे कान' नामक सुळक्यांजवळच्या कड्यावर, जेथे शेळीचेही तोंड पोचले नव्हते अशा जागी, दोन झुडपे दिसली. अवघी दोन! त्यांचे बंधू चार्ली तो भयंकर कडा उतरून गेले व फांद्या घेऊन आले. त्या फांद्या रुजल्या. आज बेटावर हजारो रोपे लावलेली आहेत, ती सर्व त्या दोघांचीच संतती. वंशाचा पाया इतका अरुंद असल्याची चिंता अद्याप आहेच. याच झुडपाचा एक भाऊबंद, तेथील तांबड्या लाकडाचा वृक्ष, रानातून पार नाहीसा झाला असून केवळ लागवडीत उरला आहे. या दोहोंच्या संकरातून निपजलेल्या झाडास वनस्पतिशास्त्रज्ञांनी बेंजामिन यांचे नाव दिले आहे.