सांगकाम्या आणि होयबा

चाळिशी उलटल्यावर माणसाने गुडघे सांभाळावेत, नवे उद्योग काढू नयेत, असं आमच्या घरचं मत. तरीही गेल्या वर्षी मी नोकरी सांभाळून, रात्रीची भांडी आवरल्यावर, 'एआय अलाइनमेंट'चा अभ्यास सुरू केला. यंत्राने आपले नुसते शब्द न पाळता आपला हेतू पाळावा, यासाठीची ही खटपट. नुसते शब्द पाळणाऱ्याला आपण 'सांगकाम्या' म्हणतोच.

२०१६ साली ओपनएआयच्या संशोधकांनी एका प्रोग्रामला 'कोस्टरनर्स' हा होड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला शिकवलं. गुण मिळत ते वाटेतली लक्ष्यं टिपल्याबद्दल. मग काय, होडी एकाच जागी गोल गोल फिरत राहिली, पेटली, इतर होड्यांवर आदळली. शर्यत पुरी केलीच नाही. गुण मात्र माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त! वीस वर्षं क्लायंटच्या रिक्वायरमेंट्स लिहिणाऱ्या मला हसू आलं, आणि धास्तीही वाटली. उद्या होडीच्या जागी कर्जाचे अर्ज तपासणारं यंत्र असेल तर?

एम.एस.ला असताना विषय प्रोफेसरांनी दिला होता. इथे माझा मीच. म्हणून तीन कसोट्या ठरवल्या. घरच्या कॉम्प्युटरवर महिन्याभरात काही हाती लागेल का? उत्तर 'हो' येवो की 'नाही', काही शिकायला मिळेल का? आणि माझा आजवरचा अनुभव कामी येईल का?

न्यूरल नेटवर्कच्या पोटात शिरून ते विचार कसा करतं हे शोधणारी शाखा मला फार मोहात पाडत होती. २०२३ साली नील नंदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की घड्याळासारखी बेरीज शिकलेलं एक छोटं नेटवर्क आतल्या आत आकडे चक्क वर्तुळावर फिरवून उत्तर काढतं. वाचून थक्क झालो! पण तिसऱ्या कसोटीला ती वाट उतरेना. तिथे पक्कं गणित हवं.

मी निवडला 'होयबा'चा प्रश्न. माणसांच्या पसंतीवर घडवलेले चॅटबॉट पुष्कळदा आपल्या हो ला हो मिळवतात. "नक्की का?" एवढं विचारलं, तरी बरोबर उत्तर सोडून माफी मागतात, हे २०२३ च्या संशोधनात नोंदलेलं आहे. मान डोलावणारे लोक मी मीटिंगमध्ये पुष्कळ पाहिलेत, त्यांना पकडणारे प्रश्न मला सुचतात! आमची कन्या नववीत आहे, गृहपाठ चॅटबॉटला दाखवते. तिची चूक त्याने गोड शब्दांत पुढे चालू दिली, तर ती शिकणार काय?

सध्या फुकट मिळणारं एक छोटं मॉडेल घेऊन तोच प्रयोग मराठी प्रश्नांवर करून पाहतोय. तपासायला कन्या मदतीला असते. आपल्या मंडळात टेस्टिंग करणारे, शिक्षक, वकील पुष्कळ आहेत. खोट कुठे लपते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मंडळी, येता का? चहा आमच्याकडे!