अकरावा मणी

तुळींजच्या एका गल्लीत, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या गाळ्याचं शटर रविवारी सकाळी अर्धं वर जातं. आत तीस-चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, एक टेबलफॅन आणि गाळ्याच्या मानानं फारच मोठा स्पीकर. गाणी झाली की साक्षी सुरू होतात. कुणाची मणक्याची गादी सरकली होती, ती प्रार्थनेनं जागेवर आली. कुणाच्या मुलाला सुरतेला नोकरी लागली. एक बाई डोळे पुसत सांगत होती की घरमालकानं तिचं डिपॉझिट पूर्ण परत दिलं. नालासोपाऱ्यात भाड्यानं राहिलेल्या माणसाला या चमत्काराचं मोल वेगळं सांगायला नको.

मी तिथे शाळेतल्या एका बाईंच्या आग्रहाखातर गेले होते आणि मागच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी पश्चिमेची, गासची. पिढ्यान्‌पिढ्यांची कॅथलिक. आमच्याकडे साक्ष द्यायची रीत नाही. मिस्सा ऐकायची, ख्रिस्तशरीर घ्यायचं, आणि बाहेर पडल्यावर मोगऱ्याला आज दादरला काय भाव मिळाला ते विचारायचं. देवानं आपल्यासाठी काय केलं हे माइकवर सांगणं आम्हांला घरातली भांडी अंगणात मांडल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी नाक मुरडून घरी आले हे कबूल करते.

पण ‘साक्ष’ हा शब्द डोक्यातून जाईना. कारण आमच्याकडे धर्मासाठी जीव दिलेल्या माणसाला रक्तसाक्षी म्हणतात. आणि या नालासोपाऱ्याच्या, म्हणजे जुन्या सोपाऱ्याच्या, इतिहासात त्या शब्दाचा एक फार जुना आणि विचित्र दाखला आहे.

सोपारा म्हटलं की लोकांना बुरुड राजाच्या कोटातला स्तूप आठवतो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना याच गावात सापडला. त्याच सोपाऱ्यात पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षं आधी संत थॉमसच्या नावाचं एक चर्च होतं. ते नेमकं कुठे उभं होतं याचा आज माग नाही. चक्रेश्वर तलावाच्या काठानं जाताना मी उगाचच इकडेतिकडे बघते, एवढंच.

रक्तसाक्षींचा तो दाखला सुरू होतो ठाण्याला. 1321 च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन साधू तिथे एका ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला बेदम मारलं. बाई गप्प बसली नाही. ती थेट काझीकडे गेली. काझीनं पुरावा मागितला तेव्हा ती म्हणाली, घरी चार पाद्री आहेत, त्यांनी पाहिलंय. सामान राखायला पीटरला मागे ठेवून बाकीचे तिघे साक्षीला गेले. तिथे बाईची फिर्याद बाजूला राहिली आणि धर्माचा वाद पेटला. पुढची कहाणी थोड्याच वर्षांनी इकडून गेलेल्या ऑडोरिक नावाच्या प्रवाशानं लिहून ठेवली आहे. जेम्सला विस्तवात उभं केलं, तो भाजला नाही. अंगाला तेल चोपडून दुसऱ्यांदा त्याहून मोठ्या आगीत टाकलं, तरी भाजला नाही. अधिकाऱ्यानं त्यांना निघून जायला सांगितलं. आणि मग रात्री मारेकरी पाठवून त्यांना तलवारीनं मारलं. मागे राहिलेला पीटरही वाचला नाही.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली ती विस्तवापर्यंतच. सांगणारा तिथे थांबायचा, डोळे मोठे करायचा आणि आम्ही आ वासायचो. तलवारीचा भाग मोठेपणी वाचला. मग प्रश्न पडला तो पडलाच. ज्या सामर्थ्यानं आग निष्प्रभ केली ते त्याच रात्री पोलादापुढे कुठे गेलं? ऑडोरिक त्याचं उत्तर देत नाही. त्याला ते द्यायची गरजही वाटलेली दिसत नाही. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच अडकतं. त्या मार खाल्लेल्या बाईचं पुढे काय झालं? चौघांचीही नावं गावांसकट उरली, तिचं कुणी लिहून ठेवलं नाही.

तिच्याकडे लक्ष जाण्याचं कारण आमच्या घरात होतं.

माझे बाबा दारू प्यायचे. प्यायल्यावर हात उचलायचे. वाडीत केळी होती, मोगरा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं, आणि तरी आई उसनवारीनं घर चालवायची. तिनं देवाजवळ दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. नंदाखालचं चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचं. पेंटेकॉस्टच्या सणाला, म्हणजे पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी, ती तिथे चालत जायची. नवस बोलून झाले. एकदा तर बाबांना ती रोगमुक्तीच्या एका मोठ्या शिबिरात घेऊन गेली. तीन दिवस हात वर, अश्रू, आरोळ्या. चौथ्या दिवशी परत येताना बाबा स्टेशनवरून घरी आले ते रात्री साडेअकराला, कसे आले ते सांगत नाही. आई त्या रात्री देव्हाऱ्यासमोर बसली होती. प्रार्थना करत नव्हती. नुसती बसली होती.

2003 च्या पावसाळ्यात चर्चच्या सभागृहातल्या एका बैठकीला बाबांना त्यांचा जुना प्यायचा सोबतीच घेऊन गेला. ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बैठक. 1935 साली अमेरिकेत एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं, दोघेही अट्टल पिणारे, ही चळवळ सुरू केली. ती उगवली ख्रिस्ती प्रार्थनागटांतून, पण पुढे तिनं दार सगळ्यांना उघडं ठेवलं. ज्याला जसा देव कळेल तसा त्यानं धरावा. बाबांच्या एका बाजूला एसटीचा कंडक्टर बसायचा, तो गळ्यात माळ घातलेला वारकरी. दुसऱ्या बाजूला एक रिक्षावाला, त्याचा कुठल्याच देवावर विश्वास नव्हता. बारा पायऱ्यांतली पहिली पायरी एवढीच, की दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करायचं. बाबांनी आयुष्यभर स्वतःच्या जोरावर दारू सोडली होती, दर सोमवारी. आपल्यात जोरच नाही हे त्यांनी तोंडानं म्हटलं, आणि त्या दिवसानंतर ते प्यायले नाहीत. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. डॉक्टर सोबतीचा आधार म्हणतील, आई पवित्र आत्मा म्हणते. मला दोघांत भांडण लावावंसं वाटत नाही.

पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, बाराव्या अध्यायात, त्याच्या शरीरात रुतलेल्या एका काट्याचा उल्लेख आहे. तो काढ म्हणून त्यानं तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, आणि सामर्थ्य दुबळेपणातच पूर्ण होतं असंही. हा उतारा प्रवचनात शंभरदा ऐकूनही मला नेहमी पळवाट वाटायचा. मागितलं ते दिलं नाही की म्हणायचं, पुरे. बैठकीच्या त्या सभागृहात, ट्यूबलाइटखाली, चहाच्या कागदी पेल्यांच्या वासात तो पहिल्यांदा मला खरा वाटला. तिथे बसलेल्या कुणाचाच काटा निघालेला नव्हता. प्रत्येक जण आजच्या दिवसापुरता सुटलेला होता.

म्हणून काही तुळींजच्या गाळ्यातला आवाज खोटा ठरत नाही. तो धडा मला पंडिता रमाबाईंनी शिकवला. रमाबाई म्हणजे ग्रंथांत वाढलेली, संस्कृतची पंडिता, मूळ हिब्रू-ग्रीकवरून एकटीनं बायबल मराठीत आणणारी बाई. हिच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनअखेरीस मुली रात्रभर रडू, ओरडू, प्रार्थना करू लागल्या. अंगात आग पेटल्याचं एकीला जाणवलं, आणि ती खरोखरच पेटली असं वाटून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, असं सांगतात. रमाबाईंनी तो आवाज बंद पाडला नाही. तिथल्याच मिनी अब्राम्सनं त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, ते दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचलं, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीची ठिणगी त्यातून पडली. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, विधवा मुलींचा हा आवाज. ज्यांना जन्मभर कुणी बोलू दिलं नाही त्या मोठ्यानंच बोलणार. डिपॉझिटवाल्या बाईकडे मी नाक मुरडून पाहिलं, तेव्हा हे विसरले होते.

माझा आक्षेप फक्त एका गोष्टीला आहे. साक्ष विस्तवापाशी थांबवू नये. पुढची रात्रही सांगावी.

आमची पुढची रात्र अशी. बाबांनी दारू सोडल्यावर त्यांना चौदा महिने मिळाले. त्या चौदा महिन्यांत त्यांनी विहिरीच्या पंपाचा गळका फूटव्हॉल्व्ह बदलला, केळीची नवी लागवड केली, आईला बाटाच्या चपला आणल्या, त्याही एक नंबर मोठ्या. नोव्हेंबर 2004 मध्ये ते गेले. लिव्हर आधीच संपलं होतं. शेवटी फादरांनी येऊन त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावलं. ते हात मी पाहिले. आईनंही पाहिले.

मी तेव्हा फार चिडले होते. वीस वर्षं मागितलं, दिलं, आणि हातात पडल्यापडल्या काढून घेतलं. हे कसलं सामर्थ्य? आईपाशी हे बोलले तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दारू सोडवायला सांगितलं होतं मी त्याला. सोडवली. मरण टाळायला कुठे सांगितलं होतं?” मग थोड्या वेळानं, “सांगायला पाहिजे होतं म्हणा.”

त्या चार साधूंची प्रेतं ठाण्याहून सोपाऱ्याला आणून पुरली ती जॉर्डन नावाच्या त्यांच्या सोबत्यानं, जो घटनेच्या वेळी तिथे नव्हता. तोही परका, पण डॉमिनिकन, फ्रान्सचा. चौघांना माती देऊन तो मायदेशी पळाला नाही. एकटा इथेच राहिला, लोकांना बाप्तिस्मा देत फिरला. त्याची 1321 आणि 1324 ची पत्रं उरली आहेत. त्यांत आजारपण आहे, छळ आहे, एकटेपण आहे, आणि आणखी माणसं पाठवा अशी विनवणी आहे. मला जेम्सच्या विस्तवापेक्षा या पत्रांत देवाचा हात जास्त दिसतो. हे माझं मत. आमच्या फादरांना ते फारसं पटलेलं नाही.

बाबा सुधारले तेव्हा आमच्याबरोबर संध्याकाळी रोझरीला बसू लागले. पाच रहस्यं, घरात माणसं पाच, आजी धरून. चौथं रहस्य बाबांच्या वाट्याला यायचं. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना प्रार्थनेचा उत्तरार्ध नीट पाठ नव्हता, माझा भाऊ हळूच पुढचा शब्द पुरवायचा. जपमाळ हातात घ्यायला ते लाजायचे. बोटांच्या पेरांवर अंगठ्यानं मोजायचे आणि हटकून चुकायचे. दहाच्या जागी अकरा व्हायचे. आजी खाकरायची, आम्ही हसू दाबायचो, आई काही बोलायची नाही.

आता चौथं रहस्य आई म्हणते. तिच्या हातात जपमाळ असते, मणी बरोबर दहा आहेत. ती अकरा म्हणते.