तांबडी शाई

इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला तांबड्या शाईचें व्यसन जडतें, आणि इतर व्यसनांप्रमाणेंच तें त्याचें त्याला दिसत नाहीं. इतक्या वर्षांत मीं कोणता शब्द सर्वांत अधिक वेळां खोडला असेल, असें कोणी विचारलें तर क्षणाचाही विलंब न लावतां मी सांगेन : 'विल'.

'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.' मराठी मुलाच्या लेखणींतून हें वाक्य इतक्या सहज उतरतें कीं त्याला चूक म्हणतांना आपणच आडमुठे वाटतों. 'तो येईल तेव्हां मी त्याला सांगेन.' दोन्ही गोष्टी पुढें घडायच्या, दोन्ही क्रियापदें भविष्यकाळीं. यांत वावगें तें काय? पण इंग्रज म्हणतो, 'व्हेन ही कम्स.' काळ किंवा अट सांगणाऱ्या पोटवाक्यांत भविष्याऐवजीं वर्तमान घालावा, हा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणांतला नियम. एखादा चलाख विद्यार्थी लगेच उठतो, "मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' हें कसें चालतें, सर?" चालतें, कारण तिथें 'व्हेन'चें पोटवाक्य सांगण्याची वेळ ठरवीत नाहीं, तें 'नो'चें कर्म आहे. वर्ग माना डोलावतो, आणि पुढच्या निबंधांत तेंच 'विल' परत येतें. तसें पाहिलें तर फ्रेंच माणूस अशा जागीं खुशाल भविष्यकाळ वापरतो, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलांत 'व्हेन'मागें 'शॅल' कितीदां तरी सांपडतें. पण परीक्षेच्या वहींत ही सबब चालत नाहीं.

बारा वर्षांपूर्वीं दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा फीला मुदत मागण्याचा अर्ज घेऊन आला. माझी शिफारस हवी होती. अर्जांत होतें, 'व्हेन माय फादर विल रिकव्हर, आय विल पे द फीज.' पेन हातांतच होतें. मीं 'विल' खोडलें, 'रिकव्हर'ला एस जोडला, आणि वर समजावलें, "इंग्रजींत 'व्हेन' म्हटलें कीं ती गोष्ट घडणार असें धरून चालतात. शंका असेल तर 'इफ'."

तो कागदाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, मग 'इफ' लिहूं का?"

मीं घाईघाईनें सांगितलें, "नको, 'व्हेन'च राहूं दे." त्यानें तिथेंच बसून अर्ज पुन्हा लिहिला. दिवाळीच्या आधींच त्याचे वडील गेले.

त्यानंतर कितीतरी दिवस मला तें वाक्य सुचत राही, आणि नवल असें कीं मराठींत सुचे. आमची आई कधीं 'तूं येशील तेव्हां जेवूं' असें म्हणत नसे. ती म्हणे, 'तूं आलास कीं जेवूं.' यायचा असतो उद्यां, आणि क्रियापद भूतकाळीं! इंग्रज वर्तमानावर थांबतो, आपण त्याच्याही पुढें जाऊन गोष्ट झालीच असें धरतों. उंबरठ्याच्या आंत उभे राहून 'आलोंच' म्हणणारी माणसें आपण. त्या मुलाच्या घरींही सगळे 'बाबा बरे झाले कीं' असेंच म्हणत असणार. तरी कागदावर त्यानें 'झाले कीं' उतरविलें नव्हतें, 'होतील तेव्हां' उतरविलें होतें. त्यांतलें अंतर त्याला ठाऊक होतें. मला मात्र एक जादा 'विल' तेवढें दिसलें होतें.

फी त्यानें पुढच्या वर्षीं हप्त्यांनीं भरली. परवां त्याचें पत्र आलें, इंग्रजींत : 'व्हेन आय कम टु पुणे, आय विल मीट यू.' वाक्य निर्दोष होतें. मीं मात्र उत्तर मराठींत लिहिलें : "आलास कीं जेवायलाच ये."