'आज नाय' म्हणणाऱ्यांचं देणं

मी लातुरात राहते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते हे शहर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी समुद्रात बुडी मारायला जागा कोणती आणि दिवस कोणता, हे लोक मला विचारतात आणि मी सांगते. हे ज्ञान मला दोन माणसांनी दिलं. दोघांनीही कधी स्वतःला गुरू म्हणवून घेतलं नाही.

पहिले नांदेडचे भोईमामा. माझं माहेर नांदेडचं. गोवर्धन घाटाच्या अंगाला मामांची जाळी वाळत असायची. गोदावरीत कुणी बुडालं की माणसं आधी त्यांच्याकडे धावत. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली काय असतं, ते त्यांनी हातांनी चाचपलेलं होतं. वडिलांनी पोहणं शिकायला मला त्यांच्या स्वाधीन केलं, तर कित्येक दिवस त्यांनी पाण्यात उतरूच दिलं नाही. काठावर बसवून विचारायचे, "धार कुठं हाय? कचरा कुठं फिरायलाय?" फेस गोल फिरतो तिथे भोवरा. वाळू उपसलेली जागा वरून सपाट दिसते आणि पुढच्याच पावलाला पाय टेकत नाही. "आधी बघावं पोरी, मंग उतरावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामा आता नाहीत.

दुसरे मालवणचे तांडेलकाका. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र 2015 साली सुरू झालं. तिथे मी रीतसर शिकले. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, कान दुखायच्या आत नाक दाबून कानांत हवा सोडायची, श्वास कधीच रोखून धरायचा नाही. पण जागा आणि दिवस पारखण्याची नजर दिली ती काकांनी.

पाहुणे तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर भुलतात. वाळूच्या तळाशी बघण्यासारखं फारसं नसतं. खडक तिथे प्रवाळ, प्रवाळ तिथे मासा. म्हणून होड्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांकडे जातात. या भागाला 1987 पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे. खाडीच्या तोंडाजवळची जागा काका टाळतात, कारण ओहोटीबरोबर खाडीचा गाळ बाहेर येतो.

दिवस ते पंचांगातून काढतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. पाणी जोराने आत-बाहेर करतं, तळ ढवळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. ओढ कमी, पाणी निवळ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यातही सकाळची वेळ धरायची, दुपारचा वारा सुटायच्या आत. पावसाळ्यात प्रश्नच नाही. दिवाळीनंतर पाणी स्वच्छ होत जातं, डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम.

एकदा लातूरच्या मैत्रिणींना घेऊन गेले होते. रात्रभराचा प्रवास करून सगळ्या हौसेने आलेल्या. काकांनी होडी खडकापाशी नेली आणि पांढऱ्या दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं. वावभर दोरी, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी, जेमतेम दिसली. पुढची हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली. दोरी गुंडाळत ते म्हणाले, "आज नाय, बाय. पाणी गढूळ आसा." किनाऱ्याला लागताच घेतलेला विसार त्यांनी न मागता पुढे केला. त्याच वेळी दुसऱ्या होड्या माणसं भरून सुटत होत्या. पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते, वर्षाचं पोट उरलेल्या महिन्यांवर चालतं. त्यातला एक दिवस या माणसाने आमच्यासाठी सोडला. विसार आम्ही घेईना, ते ठेवून घेईनात. शेवटी तो काकूंच्या हाती दिला.

दुसऱ्या सकाळी तीन वाव दोरी लख्ख दिसली. नांगर काकांनी बाजूच्या वाळूत टाकला. खडकावर ते तो कधीच टाकत नाहीत. मोठे गोल प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात, नांगराच्या एका फटक्यात कित्येक वर्षांची वाढ तुटते. खाली पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. त्याची करकर मला पाण्यात स्पष्ट ऐकू येत होती. थोड्या अंतरावर धार तिरकी वाहत होती आणि पाण्यातला कचरा एका कपारीशी घुटमळत होता. मी त्या बाजूला गेले नाही. तिथे मला भोईमामा आठवले. या दोघांची कधी गाठ पडली नाही, पण माझ्या जिवाची राखण दोघांनी मिळून केली.

नांदेड-लातूरहून मालवणला निघालेल्यांना माझं सांगणं आहे. हाताशी एक दिवस जादा ठेवा, म्हणजे होडीवाल्यावर घाईचं ओझं पडणार नाही. बुडी मारल्यावर त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नका. तो सुमारे 700 मीटर उंच आहे. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्याआधी जसं थांबतात तसंच घाटाआधीही थांबायचं. रात्री मुक्काम करा. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. आणि होडीवाला "आज नाय" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, विसारही परत मागू नका.