तिची बातमी

प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींचे तीन रकाने असतात. विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. २०१० च्या सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आठवीपर्यंत मार्कांच्या जागी श्रेण्या आल्या आणि प्रत्येक मुलाबद्दल चार वाक्यं लिहिण्याचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं. वर्गभर मुलांसाठी दर सत्राला नवं काय सुचणार? तयार नोंदींच्या याद्याच फिरत असतात. त्यातून उचललेलं वाक्य पालकांना लगेच ओळखू येतं, कारण ते शेजारच्या मुलाच्या पुस्तकातही असतं. आमच्या सहावीतल्या लेकीच्या पुस्तकात मात्र बाईंनी या खेपेला स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. ‘वर्गात कमी बोलते. दुसऱ्याचं ऐकून घेते.’

बायको म्हणाली, “वरचं नाव बघा जरा. दुसऱ्या कुणाचं आलंय का?”

तिचं चुकलं नाही. आमच्या घरात लेक बोलायला लागली की आजीला मालिकेचा आवाज बंद करावा लागतो. ऐकून घेणं वगैरे गुण आम्हाला तिच्यात कधी दिसले नव्हते. तिला विचारलं तर ती म्हणाली, “मग? वर्गात कशाला बोलायचं? तिथं बाई बोलतात की.” आणि उड्या मारत खाली खेळायला गेली.

त्या दोन ओळींनी मला बरं वाटलं. सांगलीतल्या तिच्या शाळेच्या इमारतीत, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आम्ही कधी न पाहिलेली एक मुलगी वावरते. ती कमी बोलते, ऐकून घेते, आणि आमच्या मुलीच्या नावाला हजर म्हणते. तिची नि आमची ओळख नाही, आणि तशी ती असायलाच हवी असंही नाही.

घरी आल्यावर “आज काय झालं शाळेत?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. “काही नाही.” आता इतक्या तासांत काहीच कसं होणार नाही? परिपाठ झाला असेल, कुणीतरी प्रतिज्ञा म्हणताना अडखळलं असेल, पोषण आहाराच्या खिचडीत मीठ जास्त झालं असेल, मधल्या सुट्टीत कुणाचं कुणाशी बिनसलं असेल. पण माझा प्रश्न ऐकताच तिला कळतं की हा माणूस आता चौकशी करणार. माझ्या आवाजातच ते असतं. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब बघतो. हळदीच्या सौद्यांच्या पट्ट्या तपासायची सवय घरी येताना यार्डाच्या फाटकावर ठेवून येता येत नाही.

आजीचं तसं नाही. माझ्या आईला उजव्या कानानं नीट ऐकू येत नाही आणि ही नेमकी त्याच बाजूला जाऊन बसते. आई मेथी निवडत असते. तिला काही जाणून घ्यायचं नसतं, कुणाला काही कळवायचं नसतं. मध्येच ती “कोण गं?” विचारते, भलतंच नाव धरून बसते, ही ते दुरुस्त करते, आणि दुरुस्त करता करता बातमी लांबत जाते. कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाच्या कंपासमधलं गोल वासाचं खोडरबर ढापलं, बाई रागावल्या तेव्हा मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज कुणाचा आला, हे सगळं त्या मेथीच्या जुडीबरोबर निवडून होतं. मी पलीकडच्या खोलीत कागद चाळत असतो. नंतर आईला विचारलं की ती म्हणते, “काय की बाबा, कुणाचं तरी लग्न का काय म्हणत होती.”

मी शाळेत होतो नव्वदच्या दशकात. शाळेतलं जे काही घरी पोचायचं ते माझ्याच तोंडून, आणि मी ते गाळून-चाळूनच सांगायचो. चौथीत गुरुजींनी मला दिवसभर बाकावर उभं केलं होतं, ती गोष्ट आईला समजली ती एका लग्नाच्या पंगतीत, मी कॉलेजात असताना, माझ्या वर्गमित्राच्या आईकडून. आई त्या दिवशी माझ्यावर रागावली. शिक्षेचं तिला काही नव्हतं. आपल्याला सर्वांत शेवटी कळलं याचा तो राग होता. पण मधली इतकी वर्षं ती गोष्ट माझी होती. सांगायची की नाही, सांगितली तर किती, हे मी ठरवत होतो. लहान मुलाच्या हातात फारशी मालमत्ता नसते. ही तेवढी होती.

माझ्या मुलीच्या हातात सुरुवातीला तीही नव्हती. तिची पहिली सुरू झाली जून २०२० मध्ये, म्हणजे फोनवर. शिलाई मशीनचं झाकण हा तिचा बाक. फोनला डब्याचा टेकू. बाई पडद्यावर अंगठ्याएवढ्या दिसायच्या आणि निम्मा वेळ “आवाज येतोय का?” यातच जायचा. तिच्याबरोबर आम्ही सगळेच पहिलीत बसलो. बायको चौकटीबाहेर उभी राहून उत्तरं पुटपुटायची, आई मागून “मोठ्यानं म्हण” असं बजावायची, आणि मी रेंजसाठी फोन हातात धरून खिडकीशी. वर्गाचा व्हॉट्सॲप गट तेव्हाच झाला. त्यावर राज्य शैक्षणिक परिषदेच्या अभ्यासमालेचे दुवे यायचे, गृहपाठाचे फोटो जायचे, आणि बाई त्यावर ‘छान’ लिहायच्या. तो काळच तसा होता, दुसरा उपाय नव्हता. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी चढलं, गावातली वीज गेली, तेव्हा तेवढीही शाळा राहिली नाही. पण तिच्या शाळेतला असा एकही क्षण नव्हता जो आम्ही पाहिला नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये लहान वर्ग उघडले. पालकांना फाटकाच्या आत सोडत नव्हते. दुसरीतली मुलगी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत निघाली होती आणि ती मागं वळून न बघता आत गेली. दुपारी बाहेर आली ती धावतच. “बाबा, बाई उंच आहेत!” पडद्यावर तिला बाई कधी गळ्याच्या खाली दिसल्याच नव्हत्या. मग वाटेत तिनं सांगितलं की कोपऱ्यातल्या नळाचं पाणी जास्त गार असतं आणि आमच्या वर्गाला दोन दारं आहेत. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. स्कूटरवर मागं बसून ती मला माझ्याच गावातली एक जागा समजावून सांगत होती, आणि तिच्या आवाजात जो भाव होता तो मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

शाळा उघडली, पण गट काही बंद झाला नाही. उलट वाढला. आता त्यावर परिपाठाचे फोटो येतात, चित्रकलेचे येतात, आनंददायी शनिवारी मुलं काय करतायत याचे व्हिडिओ येतात. ‘सर्व ताईंनी नोंद घ्यावी’ अशी सुरुवात असते. मी त्यातला एक ताई आहे. रात्री दहाला कुणीतरी विचारतं, उद्या भूगोलाची वही लागणार का. दुपारी हळदीच्या पोत्यांची वजनं लिहून होईपर्यंत मला माझ्या मुलीनं आज कोणत्या रांगेत उभं राहून काय म्हटलं ते कळलेलं असतं. संध्याकाळी ती येते तेव्हा तिच्याजवळची बातमी शिळी झालेली असते. अशा वेळी ‘काही नाही’ हे उत्तर मला अगदी बरोबर वाटतं.

डिसेंबरमध्ये शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. एसटी शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते, त्यामुळे लाल डबाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात पन्हाळा आहे, म्हणून गुरुजींनी आधी आठवडाभर तयारी करून घेतली होती. गाडी जयसिंगपूर ओलांडते न ओलांडते तोच गटावर फोटो सुरू झाले. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखान्यातली गंगा कोठी, डबे उघडलेली मुलं. खाली घरी बसलेल्यांच्या सूचना: टोपी घालायला सांगा, पाणी प्यायली का, आमचा दिसत नाही. परतताना हातकणंगल्याजवळ टायर पंक्चर झाला, तर चालकाच्या हातात जॅक यायच्या आधी सांगलीत बातमी पोचली होती.

रात्री गाडी शाळेसमोर लागली. लेक उतरली तीच, “बाबा, तुला माहितेय का, आमची गाडी...” एवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “हो गं, पंक्चर ना? हातकणंगल्याला. आम्ही सगळं बघितलं.” काकूंच्या बोलण्यात प्रेमच होतं. पण मुलगी थांबली. वाक्य तसंच अर्धं टाकून तिनं पिशवी माझ्या हातात दिली. मी सहलीचे फोटो एकामागून एक बघितलेले होते, त्यामुळे मलाही नवलाचं तोंड करता येईना. स्कूटर गणपती मंदिरापाशी आल्यावर मागून आवाज आला, “पण अंधारात आम्ही काय खेळलो ते फोटोत नाहीये.” आणि मग घर येईपर्यंत ती बोलत राहिली.

शाळेतली बातमी लेकीच्याच तोंडून यावी, हे माझं म्हणणं बायकोला पटत नाही. ती म्हणते, “तुम्हाला गंमत सुचते. दिवस बघा कसले आहेत.” तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आम्ही दोघं रात्रभर नीट झोपलो नव्हतो. नंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, तक्रारपेट्या, समित्या यांची आठवण करून दिली. ते हवंच होतं. माझं तिला इतकंच सांगणं असतं की कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो. वाईट दिवशी आम्हाला काही कळणार असेल तर ते हिच्याच तोंडून, आणि त्यासाठी एरवी खोडरबराच्या चोऱ्या सांगायची सवय हवी. रोजचं सांगणं आपणच तिच्या तोंडून काढून घेतलं तर त्या दिवशी ती सुरुवात कुठून करणार? यावर बायको म्हणते, “म्हणून गटातून बाहेर पडायचं? आणि उद्या सुट्टी आहे हे कोण सांगणार, तुमची आई?” इथं मी गप्प बसतो.

गटातून मी बाहेर पडलेलो नाही. सूचना तिथंच येतात.

तिच्या दप्तरात किती डोकावायचं, हाही तसाच प्रश्न. ती चौथी-पाचवीत असताना बालभारतीची पुस्तकं चार भागांत यायची आणि पाठांना जोडून कोरी पानं असायची, मुलांनी टिपणं काढावीत म्हणून. दप्तराचं ओझं कमी करण्याचा तो बेत होता. या वर्षीपासून ती पानं गेली. जुनी पुस्तकं रद्दीत घालण्याआधी मी चाळली. टिपणं फारशी नव्हतीच. राजा, राणी, चोर, शिपाई या खेळाचे गुण मांडलेले होते, बेरजा मात्र अचूक. फुली-गोळ्यांच्या चौकटी होत्या. परिसर अभ्यासाच्या एका पानावर दोन वेगळ्या अक्षरांत प्रश्नोत्तरं चालली होती, तास सुरू असताना, न बोलता. कमी बोलते हे बाईंचं निरीक्षण खरं होतं तर. पुढं वाचण्याचा मोह फार झाला. मी पुस्तकं तिला नेऊन दिली आणि विचारलं, टाकू का? तिनं दोन ठेवून घेतली, बाकीची टाक म्हणाली.

जानेवारीतल्या पालकसभेत मी उठून म्हणालो की गटावर फक्त शाळेच्या सूचना असाव्यात. काही ताईंनी माझ्याकडे, हा एरवी सभेला तरी येतो का, अशा नजरेनं बघितलं. सर्वांत जास्त आनंद बाईंना झाला. बिचाऱ्यांना रात्री अकरापर्यंत भूगोलाच्या वहीबद्दल सांगावं लागत होतं. त्यांनी तिथल्या तिथं फोन काढला आणि यापुढे फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल असं करून टाकलं.

आठवडा गेला नसेल, पालकांनी बाईंना वगळून दुसरा गट काढला. मला त्यात घेतलं, विचारलं कुणीच नाही. तिथं रोज संध्याकाळी सोडवलेल्या गृहपाठाची पानं येऊ लागली. एकदा लसावि-मसाविचा गृहपाठ होता. त्याचं पान मी उघडलं तर अक्षर ओळखीचं. मधल्या सुट्टीत हिची वही मैत्रिणीनं घरी नेली होती, तिच्या आईनं फोटो काढून सर्वांसाठी टाकला होता, आणि खाली आभाराचे हात जोडलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी यार्डातून आलो तेव्हा ती जिन्यातच उभी होती. चपला काढायच्या आधी सुरू झाली. हिनं चौथ्या उदाहरणात लसाविच्या जागी मसावि काढून ठेवला होता आणि निम्म्या वर्गानं तोच उतरवला होता. दिलेल्या संख्यांपेक्षा लहान लसावि बघून बाईंनी आधी एकेकाला उभं केलं, मग सगळ्या वह्या एकत्र मागवल्या, मग त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. “आणि बाबा, कुणीच सांगेना कुठून उतरवलं ते! सगळे म्हणाले, आमचं आम्ही केलंय!” आतून आई विचारत होती, “कोण गं? कुणाचं काय हरवलं?” आणि ही हसता हसता ओरडली, “आजी थांब, आधी बाबांना सांगू दे, मग तुला पहिल्यापासून सांगते.”